बुबुळातला माणूस

मंडळी, गळा तापला, टाळ लागले. आता मला एक सांगा — जास्त दिसलं म्हणजे खरं दिसलं, असं असतं का हो? लगेच माना हलवू नका! मान हलवणाऱ्यानं बहुतेक वेळा प्रश्न ऐकलेलाच नसतो!

तर ऐका! फलटणात विश्राम घोलप नावाचे फोटोवाले होते. लग्न कुणाचंही असो, फोटो घोलपांचा! बायको शालन, हसरी, बोलकी. संसार सुखाचा चालला होता. आणि त्या संसारात आला नवा कॅमेरा!

साधासुधा नव्हे! फुल फ्रेम! म्हणजे प्रकाश टिपणारा आतला पडदा जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा. मिररलेस! आत आरसा नाही, आरशाचा खटका नाही. आणि ठिपके किती? सहा कोटी! फोटो भिंतीएवढा करा, तरी फाटत नाही. समईच्या उजेडात काढा, चेहरा स्वच्छ!

मग खोट नाही का? आहे की! एकेक फोटो इतका जड, की जुना कॉम्प्युटर धापा टाकतो. बॅटरी अशी खातो, जसा अधिकमासातला जावई! हात जरा हलला, की ते हलणंसुद्धा टिपून ठेवतो. आणि लपत काहीच नाही! एका नवरीच्या आत्याबाईंचा फोटो मोठा करून दिला, तर बाई तणतणत दुकानात — "घोलप, मला मिशा कधी आल्या?" आता काय सांगणार? कॅमेऱ्यानं लावल्या नव्हत्या!

पण या किरकोळ खोटी. मोठी पुढंच आहे. पेटीवाले, जागे आहात ना?

लग्नाचा वाढदिवस होता. शालन म्हणाली, "अहो, गावाचे फोटो काढता, आपला एक काढा की!" दोघं स्टुडिओत शेजारी शेजारी बसले. तिवईवर कॅमेरा, टायमर लावला, लाल दिवा लुकलुकला, शालन हसली, फोटो निघाला.

सकाळी विश्राम कॉम्प्युटरपुढं बसला. नवा कॅमेरा — मोठं करून बघायची खाज! शालनचा चेहरा मोठा केला. डोळा मोठा केला. बुबुळ मोठं केलं. आणि हात थांबला. बुबुळात तिवई दिसत होती, आणि तिवईशेजारी — एक माणूस!

खोलीत दोघंच होते ना? मग हा कोण? रुंद खांदे, डोक्यावर टोपी! आणि शालनची नजर कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्याकडे! त्याला बघून हसतेय!

आणखी मोठा केला. चेहरा नाहीच, नुसते चौकोन. मंडळी, कॅमेऱ्याचे ठिपके जिथं संपतात ना, तिथून मनाचे सुरू होतात! विश्रामच्या मनानं तिथं नाक लावलं, डोळे लावले, आणि तयार झाले समोरच्या माडीवरचे सबनीस मास्तर! टोपी घालणारे, पेटी शिकवणारे. — तुम्ही नव्हे हो पेटीवाले, वाजवा!

अरे, पण तूही तिथंच बसला होतास! तुला दिसले नसते? मन म्हणालं, मी लाल दिव्याकडे बघत होतो. दार उघडं होतं. येऊन गेला असेल! संशयाला पुरावा कधी कमी पडलाय?

शालन मास्तरांकडे आमटीची वाटी देऊन आली — का गेली? दुसऱ्या दिवशी गेली नाही — आज का नाही गेली? गुणगुणली, तर गाणं कुणी शिकवलं? गप्प बसली, तर आठवण कुणाची? मास्तर पासपोर्ट फोटोला आले, तर "कॅमेरा बिघडलाय" म्हणून त्यांच्या तोंडावर दार लावलं!

"माझं काही चुकलं का हो?" शालननं विचारलं.

"तुझं तुला ठाऊक!"

घरात भांडी वाजायची, माणसं नाही. शेवटी शालननं पिशवी भरली. "कारण सांगा, नाहीतर मी माहेरी निघाले."

विश्रामनं तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं. "हा कोण?"

शालननं बघितलं. डोळे भरून आले, पण आवाज चढला नाही. "माझाच डोळा मोठा केलात? फोटोत तुम्हीही आहात. तुमचा करा ना."

सहा कोटी ठिपक्यांत स्वतःचेही दोन डोळे आहेत, हे त्या शहाण्याला सुचलंच नव्हतं!

त्यानं स्वतःचा डोळा मोठा केला. तिथंही तोच माणूस! पण विश्राम त्या बाजूला बसलेला, म्हणून जरा स्पष्ट. खांदे होते, बाह्या होत्या — हात नव्हते. पायांच्या जागी लोखंडी नळी! दिव्याचा स्टँड! त्यावर विश्रामचाच कोट, वर त्याचीच टोपी! फोटोवाल्यांची खोडच ती — स्टँड दिसला की अंगावरचं त्यावर अडकवायचं.

"मीच म्हणाले होते, कोट काढा, झब्ब्यात छान दिसता," शालन म्हणाली. "आणि हसले, कारण तो कोट तुमच्यापेक्षा ताठ उभा होता!"

विश्राम रडला हो. "चुकलो मी. हा कॅमेरा विकूनच टाकतो!"

"कॅमेरा चांगला आहे, त्याला कशाला शिक्षा?" तिनं पिशवी खाली ठेवली. "राहीन मी. पण यापुढं माझा फोटो तुम्ही काढायचा नाही."

आणि नाही काढू दिला! पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नात विश्रामनं अख्ख्या मांडवाचे फोटो काढले. नवरीशेजारी आई उभी राहिली, तेव्हा मात्र बाजूला झाला. तो फोटो व्याह्यांनी काढला. फोनवर. तोही हललेला!

हसताय? तुमच्या घरी काय चालतं? "सून फोनवर ऑनलाइन दिसत होती, मग माझा फोन का नाही उचलला?" "भाऊ शेतावर दोनदा का गेला?" अहो, चौकोन मोजत बसण्यापेक्षा विचारा ना त्यांनाच! आणि विचारायच्या आधी स्वतःकडे एकदा नीट बघा. शालन राहिली. पण तिचा विश्वास पुरता परत आला का? ते विश्रामला विचारा!

चला, हात जोडा, डोळे मिटा, देवाचं नाव घ्या. — मिटा हो! शेजारी काय करतोय ते बघायला एक उघडा ठेवू नका!