स्लॅबवर ज्याची त्याची जागा

नाय, ऊन फुकट हाय हे मला मान्य हाय, त्याबद्दल माझं काय म्हणणंच नाय, ऊन वरून येतं, कुणाच्या बापाला विचारत नाय, पण ते पडतं कुठं? आपल्या स्लॅबवर पडतं ना? आणि आपला स्लॅब म्हणजे तो आपला असतो का?... हसू नका. मी पण आधी हसलो होतो. तुमाला सांगतो, तुडीलसारख्या गावात, नदीच्या अंगाला ज्याचं स्लॅबचं घर हाय, त्यानं सोलरचा विचार मनात आणायच्या आधी मला येऊन भेटावं. सयाजी कुठं राहतो विचारलंत की कुणीपण दाखवील. आमच्या आळीत स्लॅबचं घर एकच, बाकी सगळी कौलं.

आता हे खूळ माझं नाय. आमचा विनीत मुंबईला असतो, त्याचा फोन आला. "पप्पा, सोलर बसवून टाकू, टेन्शनच नाय. ऊन काय, फुकट हाय! बॅटरीवालं घेऊ, लाईट गेली तरी तुमी मस्त पंख्याखाली." बरोबर हाय त्याचं. आमच्याकडं ढग नुसता गुरगुरला की लाईट जाते, आणि येते तेव्हा तिची गरज संपलेली असते. राहीला विचारलं, राही म्हणजे आमच्या घरातली, तर तिनं पण मान डोलावली. आता लग्न झाल्यापासून ती माझ्या कुठल्या गोष्टीला मान डोलावत नाय, तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण म्हटलं चला, ऊन फुकट हाय.

मग महाडवरनं सोलरवाला आला. अक्षय नाव, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायात असे बूट की आमचा जिना चढताना मलाच लाज वाटली. विहिरीचं पाणी बघायला माणूस तळहातावर नारळ घेऊन फिरतो ना, तसा हा तळहातावर मोबाईल घेऊन स्लॅबभर फिरला. "काका, बेसिकली आपल्याला साऊथ फेसिंग पाहिजे." म्हटलं, बेसिकली लाव की कुठं पण, स्लॅब मोकळाच हाय. तर म्हणतो, "उत्तरेला फणसाची सावली येतेय. पूर्वेला पाण्याची टाकी आडवी येते. आणि पश्चिमेला... हे काय आहे?" तिकडं राहीचे वाल वाळत घातलेले. मी म्हटलं, बाबा, तिकडं नको बघू, तिकडं मी पण बघत नाय. राहिली दक्षिण, म्हणजे नदीकडची बाजू. तिथं त्यानं खडूनं चौकोन मारला, हात झटकले आणि म्हणाला, "ही जागा एकदम क्लियर आहे."

क्लियर!

तो खडू खिशात ठेवतोय तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सोनबा. शेजारचा. आता खाली उभ्या माणसाला स्लॅबवर मारलेली खडूची रेघ दिसते कशी, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाय. आला, चौकोनाकडं बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, जसं काय कुणी गेलंय. "दादा, हिथं माझ्या शेळ्या."

अक्षय इकडंतिकडं बघतो. "कुठे आहेत शेळ्या?"

"आता नायत. पूर आला की असतात."

आता तुमाला पण सांगावं लागेल, तुमी वरच्या गावातली माणसं दिसता. आमची सावित्री नदी एरवी गरीब हाय हो, पण भरायला लागली की कुणाचं ऐकत नाय. मागल्या मोठ्या पुरात आळीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या बुडाल्या, आणि सगळी आळी आमच्या स्लॅबवर. माणसं, पोरं, शेळ्या, कोंबड्या, कुणाची पेटी, कुणाचे देव. एक अख्खी रात्र आणि दुसरा अख्खा दिवस. टाकीच्या बाजूला स्लॅबला उतार, तिथं पाणी साचतं, फणसाखाली फांद्या पडतात, म्हणून सगळी बसली कुठं, तर दक्षिणेला. तेव्हापासून जो जिथं बसला ती त्याची जागा. कुठं लिहिलेलं नाय, कुणी ठरवलेलं नाय, पण उद्या पाण्यानं नुसती चाहूल दिली तरी प्रत्येक जण डोळे मिटून आपल्या जागेवर जाऊन बसेल.

मी म्हटलं, सोनबा, शेळ्या जरा सरकव. तर तो शांतपणे म्हणतो, "दादा, हा स्लॅब टाकला तेव्हा घमेली कुणी उचलली?" झालं. आमच्याकडं स्लॅब टाकायचा म्हणजे आळीचं काम, घरटी माणूस येतो, हातोहात घमेली वर जातात, घरधन्यानं फक्त जेवण घालायचं. मी घातलं होतं जेवण, मटणाचं. पण मटण लोक विसरतात, घमेलं विसरत नायत.

मग चांगू आला. चांगू म्हणजे आळीतला कायदेवाला, कोर्टाची पायरी कधी चढला नाय पण बोलायला लागला की आपल्यालाच आरोपी झाल्यासारखं वाटतं. "सयाजीराव, माझा सोलरला विरोध नाही, प्रगती झालीच पाहिजे, ऊन फुकट हाय. पण आमच्यात माणसं पाच, त्यात सासू धरा. सासूला अंग टाकायला लागतं. आता ती जागा तुम्ही या काचांना दिलीत तर सासू मी कुठं ठेवू?" म्हटलं, एरवी कुठं ठेवतोस? तर म्हणाला, "एरवीचं सोडा, पुराचं बोला."

आणि मग वर आली चंद्राबाई. कोपऱ्यावरची म्हातारी. एक एक पायरी, गुडघ्यावर हात ठेवून, सोनबानं धरून आणली. कुणाशी बोलली नाय. गेली आणि खडूच्या चौकोनात, बरोब्बर मधोमध, पाय पसरून बसली.

आता त्या अक्षयचं पण डोकं फिरलं असणार, त्यानं टेप काढली. म्हणाला, "काका, आपण असं करू, प्रत्येकाला किती जागा लागते ते मोजू, उरेल त्यात पॅनल बसवू." आणि खरंच मोजायला लागला हो! चांगूची सासू नव्हती तर चांगू स्वतः आडवा पडला, वर म्हणतो, सासू माझ्यापेक्षा रुंद हाय, तसं धरा. सोनबानं एक शेळी खालून उचलून आणली, मापाला. ती टेपच खायला लागली. तिकडं राही कमरेवर हात देऊन वालांच्या पुढं उभी, एक पाऊल इकडं आलात तर बघा. आणि मी माझ्याच स्लॅबवर या कडेवरून त्या कडेवर, कुणाच्या जागेत पाय पडू नये म्हणून उड्या मारतोय.

मोजत मोजत अक्षय चंद्राबाईकडं आला. "आजी, जरा पाय जवळ घ्या."

म्हातारीनं वर बघितलं. चिडून नाय, अगदी साधं बोलली. "पाय जवळ घेऊनच बसले होते बाबा. मांडीवर नात होती. वरनं पाऊस, खालनं पाणी, आणि समोर माझं घर दिसत होतं, मग दिसायचं बंद झालं. आता जरा पसरून बसू दे."

चांगू पण उठून बसला. मला तुमाला खोटं सांगायचं नाय, इतका वेळ मी सगळ्यांना मनात शिव्या घालत होतो, माझा स्लॅब, माझं सोलर, माझं माझं... आणि म्हातारीला नुसतं एवढंच हवं होतं की पुढच्या येळी पण वर यायला मिळेल. म्हटलं, अक्षय, गुंडाळ ती टेप. नको आपल्याला सोलर. विनीतला सांगतो, ऊन फुकट हाय पण आपल्याकडं बसायला माणसं हायत.

तर अक्षयच म्हणाला, "काका, थांबा. खाली कशाला? स्ट्रक्चर उंच करू, मांडवासारखं. वर पॅनल, खाली माणसं. फक्त वाऱ्यासाठी खांब जाड घ्यावे लागतील."

मांडव! म्हणजे वरनं पाऊस पण लागणार नाय! अहो, आत्तापर्यंत जी माणसं सोलर नको म्हणून आडवी पडली होती, ती उठून सोलरवाली झाली. सोनबा म्हणतो, खांब जरा इकडं घ्या, दावं बांधायला बरा. चांगू म्हणतो, मोबाईल चार्जिंगला बटण माझ्या बाजूला, सासूच्या नको, ती रात्रभर भावाशी बोलेल. चंद्राबाई म्हणाली, एक हूक ठेव बाबा, पाळण्याला. मी विचारलं, पाळणा कुणासाठी? तर म्हणाली, "सुनेचं काय सांगता येतं?" आणि राहीनं वालांपुढनंच सांगितलं, माझ्या वालांवर सावली पडली तर खांब उपटून टाकीन. अक्षय सगळ्याला हो म्हणत होता. मला कुणी काय विचारलंच नाय.

तर बसलं एकदाचं सोलर. बटण दाबलं, खाली पंखा फिरला. सगळी आळी वर, नव्या मांडवाखाली, जो तो आपापल्या जागेवर बसून छताकडं बघतोय. म्हटलं आपण पण बसू. बघतो तर जागाच नाय! इथं शेळी, तिथं सासू, मधे पाळण्याचा हूक. मी म्हटलं, अरे, पुरात मी कुठं बसायचं?

सगळी एकमेकांकडं बघायला लागली. चंद्राबाई म्हणाली, "तू मागल्या टायमाला कुठं बसला होतास रे?"

मी आठवायला लागलो. आठवेना. खरंच आठवेना.

मग म्हातारीच म्हणाली, "तू बसलास कुठं? तू जिन्याच्या तोंडाशी उभा होतास, आमचा एकेकाचा हात धरायला. ती तुझी जागा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. राहीनं पण! मी जाऊन उभा राहिलो जिन्याच्या तोंडाशी. वर बघितलं तर मोकळं आभाळ, मांडव तिथवर पोचतच नाय. अक्षयला हळूच म्हटलं, बाबा, ऊन फुकट हाय, तर एवढं एक पॅनल इकडं वाढव की. तर म्हणाला, "काका, तिथे टाकीची सावली पडते. तिथे पॅनल लावून काही उपयोग नाही."

आता राहीनं तिथं खिळा ठोकून माझी छत्री टांगून ठेवलीय.