वाचनालयातली दुपारची झोप

आदरणीय अध्यक्ष शामरावजी, मंचावरची पाहुणेमंडळी, आजचे सत्कारमूर्ती हरिदासभैया, आणि पुरानी बस्तीतल्या सगळ्या वाचकांनो, या निवृत्त मास्तरीण पद्मिनीचा नमस्कार.

इमारतीचा इतिहास सांग म्हणून मला उभं केलंय. ही आधी मालगुजाराची कचेरी होती, मग साठ वर्षं वाचनालय. पुस्तकं आता नवा रायपुरला गेली. उद्यापासून मोठ्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना इथं दिवसा पाठ टेकता येईल. झाला इतिहास!

मला मात्र मे महिन्यातल्या दुपारी आठवतात. खिडक्या अर्ध्या लोटलेल्या, कूलरच्या ओल्या खसचा वास, आणि भनपुरीच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेली माणसं उघड्या पानावर गाल टेकून झोपलेली. ग्रंथपाल हरिदासभैया अनवाणी फिरायचे. झोपलेल्याच्या हातातलं पुस्तक अलगद काढायचे, पानात खूण घालून उशाशी ठेवायचे. आत पाऊल टाकलं की आपणही पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं.

मी तेव्हा नवी मास्तरीण. शिस्तीची भारी हौस! विचारलं, "भैया, काहून झोपू देता यांना?"

म्हणाले, "दीदी, वाचता वाचताच झोपून राहिले ना? उठले की पुढचं वाचतील."

मला राग आला. मी वर तक्रार लिहिली, खाली सही केली नाही. भैयांना मेमो मिळाला, बढती अडली. तरी त्यांनी एकालाही उठवलं नाही. आणि मी? सव्वीस वर्षं त्यांच्याच हातून पुस्तकं नेत राहिले, तोंड मिटून.

गेल्या हिवाळ्यात माझे यजमान दवाखान्यात होते. बाकावर माझा डोळा लागला की रखवालदार काठी आपटायचा. तेव्हा कळलं हो, मी काय करून बसले होते ते. फार लाज वाटली.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. भाषणातल्या चुका पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. भाषणाचं राहू द्या. भैया, ते पत्र माझं होतं. तेवढं पोटात घाला.

काय म्हणालात? हव? हो म्हणालात?

जरा माईकवर म्हणा ना, भैया. मला आणखी एकदा ऐकायचंय.