मधल्या गोलातला शब्द

(शिवणकामाचं लहानसं दुकान, दुपारची वेळ. मशीनसमोरच्या भिंतीवर रंगीत कागद चिकटवलेले. भाषेचा वर्ग घेणाऱ्या बाई आणि दुकानाची तरुण मालकीण, जिला सगळी गल्ली ‘मास्तर’ म्हणते.)

बाई: पुन्हा वाचते, ऐक. ‘उमेदवार उत्तर देताना सतत छताकडे बघत होती.’ तोंडी परीक्षेच्या निकालावर असला शेरा मी तीस वर्षांत पहिल्यांदा वाचला. होतं काय गं छताला?

मास्तर: काहीच नव्हतं बाई. तोच तर घोळ झाला.

बाई: नीट सांग.

मास्तर: हसायचं नाही मग. ही समोरची भिंत बघा. तुम्ही वर्गात वाटलेला एकूण एक नकाशा मी इथं लावलाय. मधे गोल, गोलात शब्द, त्याला फुटलेल्या फांद्या. तुम्ही त्याला माइंड मॅप म्हणता, आम्ही मागच्या बाकावरच्या कोळी म्हणतो. टीप मारता मारता मान वर करायची आणि एक फांदी पाठ करायची. सहा महिने हेच केलं.

बाई: मग बिघडलं कुठं?

मास्तर: परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, स्वयंपाकघरात काय काय असतं? मला लगेच आठवलं. उजवीकडे वर, हिरवी शाई, चमच्याच्या शेजारी. पण चमच्याच्या शेजारी काय, ते काही केल्या आठवेना. जागा पाठ, रंग पाठ आणि शब्दाचा पत्ता नाही. मी आपली उजवीकडे वर बघतेय. तिथं पंखा फिरत होता.

बाई: आणि पुढं?

मास्तर: पुढं कुटुंब. कुटुंबाचा कागद डावीकडे खाली आहे, त्या इस्त्रीच्या टेबलामागे. तर मी डावीकडे खाली वाकले. साहेबांना वाटलं, माझं काहीतरी पडलं. तेही वाकून बघायला लागले.

बाई: हसत नाहीये मी.

मास्तर: खांदे हलतायत तुमचे.

बाई: हललेच जरा. पण हसण्यासारखं काही नाही यात. चूक तुझी नव्हे, माझी आहे.

मास्तर: तुमची कशी? तुमचे नकाशे तर इतके सुंदर.

बाई: तेच. दहा वर्षं मी ते स्वतः रंगवते, छापून घेते आणि मिरवत वाटते. आणि विद्यार्थ्यांना सांगते काय, तर एकटा शब्द डोक्यात राहत नाही, त्याला त्याच्या नातलगांत बसवा, मग टिकतो. पण नातलग कुणाचे? माझे. मला चमचा म्हटल्यावर गाळणी आठवते, म्हणून तुझ्या कागदावर गाळणी.

मास्तर: गाळणीच ती! बघा, आत्ता आली. आमच्याकडे गाळणी नाहीच, मी आणि माझी धाकटी बहीण चहा फडक्यातून गाळतो.

बाई: म्हणजे मी तुम्हा सगळ्यांना माझ्याच मापाचे कपडे वाटले. कुणाला सैल, कुणाला आखूड. तुझ्या धंद्यात असं चालेल का?

मास्तर: वडलांनी दुकानातून हाकलून दिलं असतं. ते म्हणायचे, गिऱ्हाईक अंगाला टेप लावू देत नसेल तर कात्री उचलूच नये. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ते गेले, पाटी तशीच राहिली, म्हणून मग मीच मास्तर.

बाई: तर मास्तर, पुन्हा परीक्षा कधी आहे?

मास्तर: मंगळवारी. ही हुकली की वर्षभर अर्ज घेत नाहीत. आणि भाषेचा दाखला नसेल तर तिकडे परदेशात नवऱ्याकडे बायकोला येऊ देत नाहीत. तीन वर्षं ते तिकडे, मी इकडे.

बाई: चार दिवस आहेत. एक कोरा कागद दे. भिंतीवरचं सगळं आधी काढ.

मास्तर: सगळं?

बाई: सगळं. माझं मन दुखेल याची काळजी करू नकोस, मी तोंड फिरवून बसते. हं. आता मधे गोल काढ आणि ‘घर’ लिही, त्या भाषेत. मग तुला जे आठवेल ते. शब्द येत नसेल तर गोल कोरा ठेव आणि मला आपल्या भाषेत सांग, मी देईन.

मास्तर: घर म्हणजे कुठलं पण? आम्ही झोपतो ते वर माळ्यावर. जागेपणी मी इथंच असते.

बाई: मग इथलं लिही. परीक्षकाला तुझं घर ऐकायचंय, शब्दकोशातलं नको.

मास्तर: कात्री. टेप. खडू. खडू येतो मला. दोरा येतो. बॉबिनला काय म्हणतात?

बाई: मलाच बघावं लागेल. कोरा ठेव.

मास्तर: तुम्हाला येत नाही? बरं वाटलं ऐकून. इस्त्री, बटण, काज. मग कात्रीला कापणं. टेपला मोजणं. मोजण्याला कंबर, खांदा, बाही. अंगाचे सगळे शब्द इथं येतात की. तुम्ही तर शरीराचा कागद वेगळा दिला होता, त्यात डोकं वर आणि पाय खाली.

बाई: हो, आणि मला तो फार हुशारीचा वाटला होता. लिही तू.

मास्तर: कंबरेला घट्ट. घट्टला उसवणं. उसवण्याला रुसलेलं गिऱ्हाईक. त्याला ‘उद्या या’. ‘उद्या या’ तर मला फार आधीपासून येतं.

बाई: आता कागद पालथा घाल. माझ्याकडे बघ आणि त्या भाषेत सांग, सकाळपासून काय केलंस. चुकलीस तरी थांबू नकोस.

मास्तर: सकाळी दुकान उघडलं. एक बाई आल्या. झगा कंबरेत घट्ट होता. मी उसवला. त्या म्हणाल्या, झगा आटला. मी म्हणाले, हो, या वर्षी सगळेच झगे आटतात. त्या हसल्या. मी दोन बोटं सैल केला.

बाई: कळलं का तुला, काय झालं ते?

मास्तर: काय?

बाई: तू त्या भाषेत विनोद केलास आणि एकदाही वर बघितलं नाहीस.

मास्तर: खरंच की.

बाई: असंच बोललीस तर मंगळवारी कोण नापास करतं बघू. आता दुसरा कागद. नवऱ्याबद्दल ते विचारणारच, त्याच्यासाठीच तर चाललीयस. मधे गोल काढ, ‘नवरा’ लिही.

मास्तर: लिहिलं.

बाई: हं.

मास्तर: काम. फोन. रविवार. दर रविवारी फोन असतो. थकलोय. जेवलीस का. बरं, ठेवतो.

बाई: पुढं?

मास्तर: झालं.

बाई: अगं, ते उठतात कधी, खातात काय, कामावर जातात कसे, राहतात कुणाबरोबर. शब्द येत नसतील तर आपल्या भाषेत सांग.

मास्तर: आपल्या भाषेतही येत नाहीत, बाई.

बाई: म्हणजे?

मास्तर: लग्नानंतर चाळीस दिवस ते इथं होते. त्यातले दहा पाहुण्यांत गेले, दहा कागदपत्रांत. मग गेले. एका खोलीत तिघं राहतात आणि कुठल्याशा कारखान्यात जातात, एवढं मला ठाऊक. गल्लीतल्या कुणाचं पोट किती सुटलं ते मी न बघता सांगेन. ह्यांची उंची विचारा, मला दाराच्या चौकटीवरून आठवायला लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बाई: मागच्या वेळी काय सांगितलंस मग?

मास्तर: तुमच्या कागदावरचं. ‘माझे पती उंच आणि मनमिळाऊ आहेत.’ तेवढं मात्र धडाधड म्हटलं. साहेबांनी विचारलं, मनमिळाऊ म्हणजे कसे, एखादा प्रसंग सांगा. तेव्हाच मी खाली वाकले.

बाई: हे बघ, परीक्षक काही तिकडे जाऊन तपासणार नाही. सहाला उठतात, चहा पितात, बसने जातात. आपण चार वाक्यं बसवून टाकू.

मास्तर: ही तुमच्याच नकाशाची गत होईल पुन्हा.

बाई: खरंय. बोलले आणि चुकले.

मास्तर: खरं सांगू? निकाल लागला तेव्हा मी रडले, सगळ्यांनी बघितलं. पण रात्री अंथरुणावर पडले तर हलकं वाटत होतं. त्याची लाज वाटली मला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. पण त्या कागदासाठी मी मरमर करतेय आणि कागद मिळाला तर जायचं कुणाकडे, ते मला माहीत नाही. मला पास व्हायचंय की नाही, तेच कळेना झालंय.

बाई: हे त्यांना सांगितलंस?

मास्तर: रविवारच्या पाच मिनिटांत? जेवलीस का आणि ठेवतो यांच्या मधे कुठं बसवू?

बाई: आज शुक्रवार आहे.

मास्तर: अवेळी फोन केला तर घाबरतील.

बाई: घाबरू देत थोडे. एवढे कोरे गोल माझ्याने भरणार नाहीत, परीक्षकाच्याने तर नाहीच. मी जाते, पायरीवर बसते.

मास्तर: नका जाऊ. बसा. हातात पेन्सिल लागेल, फोन स्पीकर लावून टेबलावरच ठेवते. ... हॅलो. अहो, मी बोलतेय.

नवरा: काय झालं? बहीण बरी आहे ना?

मास्तर: बरी आहे. सगळं बरं आहे. बाई बसल्यात इथं, वर्गाच्या.

नवरा: नमस्कार, बाई. परीक्षेचं काही का?

मास्तर: हो. तुमच्याबद्दल विचारतील, म्हणून. तुम्ही सकाळी कधी उठता?

नवरा: ते होय. लिहून घे. पती सहा वाजता उठतात, व्यायाम करतात, कारखान्यात जातात. इथल्या एकाच्या बायकोने हेच पाठ केलं होतं, ती पास झाली.

मास्तर: ते नको. तुम्ही कधी उठता?

नवरा: कशाला?

मास्तर: मला माहीत नाही म्हणून.

नवरा: तीनला.

मास्तर: रात्रीच्या?

नवरा: पहाटेच्या म्हण. चारच्या आत भट्टी पेटवावी लागते. कारखाना म्हणजे पावाचा आहे, बेकरी. मी पीठ मळायच्या यंत्रावर असतो. आधी सांगायला बरं वाटलं नाही, तुझ्या वडलांना मी यंत्रावर काम करतो एवढंच म्हटलं होतं. खोटं नव्हतं ते.

मास्तर: सावकाश सांगा, मी लिहितेय. पीठ. यंत्र. तीन वाजता. इतक्या लवकर बाकीच्या दोघांची झोप नाही का मोडत?

नवरा: कोण दोघं?

मास्तर: खोलीतले.

नवरा: ते नाहीत आता. मी एकटा राहतो.

मास्तर: कधीपासून?

नवरा: तुझ्या मागच्या परीक्षेच्या आठ दिवस आधी खोली घेतली. वाटलं, तू पास होशीलच. मग निकाल आला. तुला सांगितलं असतं तर तुझ्या जिवाला आणखी घोर. म्हणून सांगताना तिघंच ठेवले.

मास्तर: सोडायची मग. परत जायचं त्यांच्यात.

नवरा: सोडवेना. दोन खाटा आणल्या होत्या.

मास्तर: दोन...

नवरा: हॅलो? कट झाला का?

बाई: नाही झाला. डोळे पुसतेय ती. तुम्ही बोला.

मास्तर: बाई, तुम्ही पण ना. अहो, ऐका. मला यायची भीती वाटत होती. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, असं आत्ताच मी बाईंना सांगत होते.

नवरा: बरोबर आहे तुझं. मला तरी तुझं काय माहीत आहे? रविवारी फोन लावायच्या आधी मी काय बोलायचं ते ठरवून ठेवतो आणि तू ‘हॅलो’ म्हटलंस की विसरतो.

मास्तर: खोली कशी आहे?

नवरा: लहान आहे. भिंती पांढऱ्या. नळाला धार बरी येते. खिडकी एकच, पण मोठी.

मास्तर: खिडकीतून काय दिसतं?

नवरा: समोर शाळा आहे. सुटली की गोंगाट असतो. मी तेव्हा झोपलेला असतो, पण त्याचं काही वाटत नाही.

मास्तर: शाळा. गोंगाट. झोप. आणि सकाळचं ऊन येतं का आत?

नवरा: मला नाही माहीत. उजाडायच्या आत निघतो, परत येतो तेव्हा दुपार झालेली असते. आणि सुट्टीच्या दिवशी उठतो उशिरा.

मास्तर: अजून एकदाही बघितलं नाही?

नवरा: नाही. उद्या सुट्टी आहे. उद्या लवकर उठतो आणि बघून सांगतो.