महाशिवरात्र माघात की फाल्गुनात

इसमें डेव्हलपर का काम ही क्या है, डब्बा उठाओ, दूसरे डब्बे से जोड़ो, हो गया, हमारी मम्मी भी कर लें. असं विकासभैया केबिनमध्ये फोनवर कुणाला तरी सांगत होते आणि हसत होते, आणि मी दाराशी चहाचा कुल्हड धरून उभी होते, कारण त्यांनीच मला बोलावलं होतं. दार अर्धं उघडं होतं. त्यांनी मला बघितलं, बघून हातानं खूण केली, ये ये, आणि तेच वाक्य फोनवर परत म्हणाले. म्हणजे हिच्यासमोर तरी बोलू नये, एवढंसुद्धा त्यांना वाटलं नाही. मी आत गेले, बसले, आणि काहीच बोलले नाही. काय सांगू तुम्हाला, मी आयुष्यभर हेच केलंय, आत जायचं, बसायचं आणि बोलायचं नाही.

आमचं घर बनारसला, दुर्गाघाटावर. आमचे लोक कोकणातून इथे केव्हा आले ते बाबांना विचारा, मला पिढ्या सांगता येत नाहीत. महाराष्ट्रातून जे यजमान येतात त्यांचं श्राद्ध, तर्पण, गंगापूजन बाबा करतात, आजोबाही तेच करायचे. मी एकुलती एक, आणि आईचा हट्ट की मुलगी कॉन्व्हेंटमध्येच जाणार. त्यामुळे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी. लोकांना वाटतं तीन भाषा येतात म्हणजे किती छान, पण शाळेत हिंदी शब्द निघाला की टीचर ओरडायच्या, गल्लीत इंग्रजी निघाला की मुलं म्हणायची लो, मेमसाहब आ गईं, आणि पुण्याची आत्या आली की हसायची, काय गं ही तुमची बनारसी मराठी, बखत काय, फुरसत काय. मग मला आदतच लागली, आधी मनात तपासायचं, कोणत्या भाषेतलं आहे, बरोबर आहे ना, आणि मग बोलायचं, आणि तोपर्यंत लोक पुढच्या गोष्टीवर गेलेले असतात. गप्प मुलीला लोक एक तर फार हुशार समजतात नाहीतर बिलकुल मंद, मधलं कुणी समजत नाही.

कॉम्प्युटर मला ह्यासाठीच आवडला. तो थांबतो. तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये बोलत नाही, आणि चुकलात तर कुठे चुकलात ते सांगतो, आत्यासारखा हसत नाही. मी इथेच बीटेक केलं, बंगळूरला पाठवायला बाबा तयार नव्हते, आणि खरं सांगते, मीही नव्हते. मग इथेच, सिगरा भागात, ही नोकरी लागली. छोटी कंपनी आहे, तुमच्या लेखात तिचं नाव नका लिहू. बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूंना मोबाइलवरून खोली, गंगेवरची नाव, पूजा, श्राद्ध सगळं ठरवून देते. विकासभैया मालक. ते सॉफ्टवेअर मी आणि सौरभनं बनवलं, आम्ही दोघांनीच, पहिल्या ओळीपासून.

आता त्यातली एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच झालंय. आपल्या लोकांचा महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्ष लागला की त्यांचा पुढचा महिना सुरू होतो आणि आपला जुनाच चालू असतो. महाशिवरात्रच घ्या ना. आमच्या घरी ती माघात, शेजारच्या पांडेचाचांकडे फाल्गुनात. दिवस तोच, उपास तोच, विश्वनाथाची रांगही तीच, महिना तेवढा वेगळा. लहानपणी मी शाळेत ह्यावरून भांडलेय आणि हरलेय, कारण वर्गात मराठी मी एकटी.

तर ॲपमधलं श्राद्धाचं पान बनवायची वेळ आली तेव्हा मी सौरभला म्हटलं, लोक तिथी आपापल्या महिन्यानं सांगणार, माघ वद्य नवमी म्हणून कुणी लिहिलं तर आपण कोणता माघ धरायचा? तो म्हणाला, राज्य पूछ लो. मी म्हटलं, नको, माझं राज्य उत्तर प्रदेश आहे आणि महिना महाराष्ट्राचा, इंदूरला राहणारा मराठी माणूस काय लिहील? दोन दिवस माझ्या डोक्यात तेच. मग एकदा भाजी निवडताना सुचलं, आणि मी एकच प्रश्न घातला. तुमच्या घरी महाशिवरात्र कोणत्या महिन्यात येते, माघ की फाल्गुन? बस्स. हे कुणालाही सांगता येतं, शिकलेल्याला, न शिकलेल्याला, आणि तेवढ्यावर पुढचं सगळं बरोबर निघतं. बाबांना दाखवलं तेव्हा ते चष्मा वर करून म्हणाले, हे चांगलं केलंस. बाबा असं सहसा म्हणत नाहीत.

मग ते टूल आलं. कोड लिहायचाच नाही, स्क्रीनवर डबे ओढायचे, जोडायचे. मला लोक विचारतात, गल्लीत तर सगळेच विचारतात, पांडेचाचा पान लावता लावता म्हणतात, सुना है अब कंप्यूटर खुदे सब बना लेत हौ, त अब तू का करबू बिटिया, पंडिताई? आणि बसलेले सगळे हसतात. मीही हसते. पण मला गुस्सा टूलचा नाही, हे नीट लिहा. टूल चांगलं आहे. होड्यांचं बुकिंग मीच त्यात अर्ध्या दिवसात करून दिलं, जे कोडमध्ये करायला आम्हाला आठवडा लागला असता. कोण नको म्हणेल? कंटाळवाणं काम गेलं तर मला आनंदच आहे. गुस्सा येतो तो ह्याचा, की ह्या लोकांना वाटायचं आम्ही इतके दिवस फक्त टाइप करत होतो. टायपिंग गेलं म्हणजे माणूस गेला. अरे, तो महाशिवरात्रीचा प्रश्न टाइप करायला मला एक मिनिट लागलं असेल. तो सुचायला काय लागलं ते कोण विचारतं?

विकासभैयांनी शनिवार-रविवारी बसून सगळं ॲप त्या टूलमध्ये नव्यानं बनवलं आणि सोमवारी मिठाई वाटली. देखो, अकेले बनाया. सौरभला त्याच महिन्यात काढलं. तो आता इथल्याच लंका मोहल्ल्यात मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, लोकांच्या फोनला काच चिकटवतो. टूल माणसांची जागा घेईल का असं तुम्ही विचारलंत ना मघाशी, तर जा आणि त्याला विचारा. त्याची जागा गेली. ती टूलनं घेतली की भैयांनी, ते तुम्ही ठरवा.

मला ठेवलं. का, तर ऋचा शांत लड़की है, चिक-चिक नहीं करती. माझं डेव्हलपर हे नाव काढून सपोर्ट केलं. म्हणजे काम काय, तर टूलमध्ये जे जे बिघडेल ते मी गुपचूप नीट करायचं. आणि बिघडायचं रोज. एकाच खोलीत दोन कुटुंबं पाठवायचं, सकाळच्या नावेचा निरोप संध्याकाळी जायचा. मी मागे बसून निस्तरायची, जिथे डब्यांनी भागत नाही तिथे कोडच लिहायची, हो, कोडच, आणि पुढे बाहेरची माणसं आली की भैया त्यांना सांगायचे, हमारे यहाँ एक भी डेव्हलपर नहीं है. मी तिथेच बसलेली असायची, त्यांना चहाचा ट्रे माझ्या टेबलावरून जायचा.

भैयांनी महाशिवरात्रीचा तो प्रश्नच काढून टाकला. टूलमध्ये हिंदी महिन्यांचं कॅलेंडर तयार मिळालं, ते ओढून लावलं. मी गेले केबिनमध्ये. म्हटलं, भैया, मराठी लोगों का महीना अलग पड़ता है, वो सवाल रहने दीजिए. ते म्हणाले, यूज़र से जितना कम पूछो उतना अच्छा. मी परत गेले, दुसऱ्या दिवशी, मनात तीनदा तपासून. म्हटलं, कुणाचं तरी श्राद्ध चुकेल. ते हसले, ऋचा, तुम पंडितों के घर की हो न, इसीलिए इतना सोचती हो. झालं. मी अजून काय करायला हवं होतं? ओरडायचं होतं? मला ओरडता येत नाही. आणि ओरडलं तरच ऐकणार असाल तर आधी तसं सांगा ना.

जे व्हायचं ते गेल्या आठवड्यात झालं. तेव्हापासून मी ऑफिसला गेले नाही, फोन वाजतो, उचलत नाही. नोकरी आहे की नाही मला ठाऊक नाही. आई म्हणते लग्नाचं बघू. तिला आता हेच सुचतं.

पुण्याहून एक गृहस्थ आले होते, चाळिशीचे, आईचं पहिलं वर्षश्राद्ध काशीत करायचं म्हणून, बरोबर आईची सख्खी बहीण, म्हणजे त्यांची मावशी. आई गेली माघ वद्य नवमीला. त्यांनी मोबाइलवर माघ निवडला, वद्य निवडलं, नवमी निवडली, आणि ॲपनं इकडचा माघ धरून एक महिना आधीची तारीख दिली. त्यांना वाटलं, तिथी दर वर्षी मागेपुढे होते, तसंच असेल. धुक्यानं गाडी रखडत आली, मावशींचे गुडघे दुखतात, गल्ल्यांतून चालत, पायऱ्या चढत उतरत आमच्या घरी पोचल्या. कारण मराठी यजमान कंपनी बाबांकडेच पाठवते. बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, तिथी कोणती, आणि उत्तर ऐकून हातातलं तबक खाली ठेवलं. मला फोन केला. एवढंच म्हणाले, ऋचा, ह्या लोकांना आज कुणी बोलावलं?

मी भैयांना सांगितलं, आणि आम्ही दोघं घरी आलो. मोटारसायकल गल्लीबाहेर लावून चालताना ते म्हणाले, देखो, कस्टमर को एक चेहरा चाहिए होता है. सॉरी बोल देना कि तुमसे गलती हुई. और बाबूजी से कहो आज ही निपटा दें, नवमी तो है ही, भगवान सब समझते हैं. मग म्हणाले, ये लोग रिव्यू लिख देंगे तो मुझे किसी को तो निकालना पड़ेगा. आता कंपनीत सपोर्ट मी एकटीच. कुणाला काढणार, हे मला समजत नव्हतं का?

घरात शिरलो तर मावशी शाल गुंडाळून पाटावर बसलेल्या. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या, मी गाडीत म्हटलं होतं ह्याला, अरे अजून पौष चाललाय, पण ह्यानं मला मोबाइल दाखवला. गृहस्थ उभेच. रागानं त्यांचा आवाज चिरकत होता, पण त्यामागे रडू होतं, ते मला दिसत होतं. म्हणाले, मी स्वतः आयटीत आहे हो, इतकं साधं कसं चुकतं? आईचं वर्षश्राद्ध आहे, हे काही खोलीचं बुकिंग नाही. कोणी डेव्हलप केलंय हे?

आणि विकासभैयांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. म्हणाले, सर, ये हैं हमारी डेव्हलपर, ऋचा जी. ऋचा, सर को सॉरी बोलिए.

डेव्हलपर. आणि वर जी. इतके दिवस कंपनीत एकही डेव्हलपर नव्हता, आणि माफी मागायची वेळ आली तेव्हा बरोबर एक सापडला. माझे कान इतके गरम झाले की मला वाटलं सगळ्यांना दिसतायत. खिडकीशी शेजारच्या दोघीतिघी येऊन उभ्या. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं ते काही म्हणतील. ते हळूच म्हणाले, बोलून टाक बाळ, एका शब्दानं काय होतं. कारण पुढचे यजमान ह्याच कंपनीकडून यायचे होते. तेव्हा मला भैयांपेक्षा बाबांचा राग जास्त आला, हेही लिहा, त्यांनी वाचलं तरी चालेल.

मी मनात तपासायला लागले, नेहमीसारखी. हिंदीत बोलू, इंग्रजीत बोलू, कोणता शब्द आधी. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की बहिणीचं बरोबर व्हावं. भैया म्हणाले, बोलिए न. आणि मी मराठीत बोलले, मावशींकडे बघून, आणि आवाज मला माहीत होता त्यापेक्षा मोठा निघाला.

मी म्हटलं, मावशी, तुमचं बरोबर आहे, आज तिथी नाही, बाबा आज काहीही करणार नाहीत. मी हे बनवलं होतं तेव्हा बरोबर बनवलं होतं. ह्या आमच्या मालकांनी ते मोडलं, मी दोनदा नको म्हटलं तरी मोडलं. माफी ह्यांच्याकडून मागून घ्या. मी मागणार नाही.