पाव्हण्यांची पाठ

मूळ आमचं कवठे येमाईचं, शिरूर तालुक्यातलं, पर तिथं आता थोरला भाऊ असतो, मी इकडं कुरकुंभला आलो त्याला लय वर्सं झाली. माझं नाव लिहू नका, नावाचं काय करायचंय. उचलायचंच काम केलं बघा सगळ्या आयुष्यात. गावाला हुतो तवा कांद्याच्या पिशव्या ट्रकात भरायचो, मग इथं कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली गोण्या, ड्रम, जे म्हनतील ते. कसं उचलायचं ते कुणी शिकवलं न्हाई, वाकायचं आन् उचलायचं, कंबर धरली की बायको तेल चोळायची, झालं.

काय सांगू तुम्हाला, मान म्हंजी काय असतो ते मला कवा कळलंच न्हाई. ठेकेदाराचा माणूस, माझ्या लेकीच्या वयाचा, त्यो बी ए म्हाताऱ्या म्हनायचा. बिहारची पोरं चाचा म्हनायची, ती तरी बरी. मला अहो-जाहो करनारा माणूस एकच, आमचं जावई, आमचं पाव्हणं. दौंडजवळच्या गावातलं, गरीब स्वभावाचं, मला मामा म्हनत्यात. त्यांची जमीन चार भावांत, त्यात काय येणार वाट्याला, म्हणून मीच त्यांना कंपनीत लावलं. मीच लावलं.

मधी कंपनीत सेफ्टीच्या मॅडम आल्या. रिकामा खोका घेऊन दाखवलं त्यांनी, गुडघ्यात वाका, कंबरेत वाकू नका, वजन पोटाशी धरा, वजन हातात असताना कंबर पिळू नका, पाय फिरवा, आन् पन्नास किलोची गोण एकट्यानं उचलायची न्हाई, दोघांनी दोन बाजूंनी धरायची. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. जोड्या लावल्या तवा मॅडम म्हनल्या तुम्ही दोघं घरचेच, तुमचं चांगलं जमंल. सासरा-जावई जोडी म्हणून सगळी हसली, मी बी हसलो.

पर तिथंच चुकलं बघा. दुसरा कुणी असता तर धर की रं म्हनला असता, सासऱ्याला कसं म्हननार? मी वाकाया लागलो की पाव्हणं म्हनायचं मामा राहू द्या, मी घेतो. पहिलं चार दिस मी न्हाई म्हनलो, जावयानं राबायचं आन् सासऱ्यानं बघायचं हे बरं दिसत न्हाई म्हनलो. ते ऐकंनात. मग मी बी सोडून दिलं. खरं सांगू का, मला ते आवडाया लागलं. बाकीची म्हनायची नशीबवान हाय म्हातारा, जावई बघा कसा जपतो. मी गोणीला नुसता हात लावायचो, पुढं पुढं तेबी न्हाई. साहेब दिसला की तेवढ्यापुरतं दोघं वाकायचो.

त्या दिशी जेवणाची सुट्टी झाली हुती, गाडी खाली करायची, थोड्याच गोण्या ऱ्हायल्या हुत्या आन् ड्रायव्हरची घाई. मी टॉवेलानं मान पुसत हुबा, ह्या इथनं त्या खांबाएवढा लांब, जास्त न्हाई. पाव्हणं कंबरेत वाकलं, गोण उचलली आन् तशीच हातात धरून वळलं. वरडलं न्हाईत. गोण सुटली आन् खाली बसलं. म्हनलं, मामा, उठाया येईना.

साहेब पळत आला, इचारलं दुसरा माणूस कुठं हुता? मी तोंड उघडायच्या आत पाव्हणं म्हनलं मामा पाणी प्याया गेलते, मीच घाई केली. खाली पडलेला माणूस, तोंड पांढरं पडलेलं, आन् तवा बी माझीच अब्रू झाकतोय. साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलो, व्हय.

एवढंच म्हनलो बघा. व्हय. कागदावर तसंच लिवलं, कामगारानं नियम मोडला, एकट्यानं उचललं.

मणक्यातली गादी सरकली म्हनलं दौंडचं डॉक्टर, नस दाबलीया. आपरेशन झालं, पर डाव्या पायात ताकद काय परत आली न्हाई. आता खाटंवरनं उठवायला दोन माणसं लागत्यात. लेक गुलछडीच्या शेतात तोडणीला जाती, आन् मी रोज सकाळी जाऊन तिच्यासंगं त्यांना उठवून बसवतो. मीच तिला शिकवलं, गुडघ्यात वाक बाय, त्यांना पोटाशी धर, कंबर पिळू नको. मला सगळं पाठ हाय आता.

आन् मी सकाळी गेलो की लेक माझ्यादेखत नवऱ्याला बोलायची. एवढी कसली घाई हुती तुम्हाला, आबा पाणी पिऊन येस्तवर दोन मिनिटं थांबला असता तर? रोज. पाव्हणं खाली मान घालून ऐकायचं. वरीसभर ऐकलं मी ते, वरीसभर गप ऱ्हायलो, लाज वाटती सांगाया.

मग परवा ती भांडी घासत हुती, तिथं जाऊन बसलो आन् सांगितलं सगळं. पाणीबिणी प्याया गेलो नव्हतो, तिथंच हुबा हुतो, बघत हुतो. वाटलं रडंल, शिव्या देईल. तिनं हातातलं पातेलं सुदीक खाली ठेवलं न्हाई. म्हनली, मला म्हाईत हाय आबा. त्यांनी दवाखान्यातच सांगितलं. मी त्यांना बोलत नव्हते, तुम्हाला बोलत हुते.

आता ती बोलत न्हाई, त्यांना बी न्हाई आन् मला बी न्हाई. मी जातो सकाळी, तिनं एका बाजूनं धरायचं, मी एका बाजूनं, उठवायचं, बसवायचं, च्या पिऊन माघारी यायचं. पाव्हणं अजून म्हनत्यात, मामा, तुमची कंबर संभाळा. माझ्या कंबरेला काय बी झालं न्हाई हो. देवानं ती धडधाकट ठेवलीया.