वाघ्या आणि पार्थ

भिलाईतल्या जनावरांच्या दवाखान्यात नूतन आपल्या कुत्र्याच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याचा कुत्रा वाघ्या जाळीच्या मुसक्यातून तिच्या पिल्लावर गुरगुरला.

“जवळ नेऊन पाहू का? सवय होईन त्याले,” म्हाताऱ्यानं बायकोला विचारलं.

“नाही हो! डॉक्टरनं सांगितलं ना, दुरूनच दाखवा. चूप बसला की बिस्कीट द्या.”

नूतन उठून लांबच्या बाकावर गेली. वाघ्या हळूहळू निवला.

“शाब्बास! घे बेटा, बिस्कीट,” म्हातारा म्हणाला.

“असंच पार्थसंग करू. तो अंगणाच्या त्या टोकाले, हा या टोकाले, दोरी तुमच्या हातात.”

“पण नातू येईन का? त्यालेच तं चावला हा.”

“येतो म्हणते. काल फोनवर विचारत होता, वाघ्या अजून माह्यावर रागावून हाय का?”

“मग तू काय म्हटलं?”

“म्हटलं, रागावला नव्हता रे, भेला होता. तुह्यावानीच.”