बद्रीलालजींचा लाल

फ्रीगंजमधल्या स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी थांबलो होतो. शेजारच्या बाकावर मोबाइलवर फोटो टाकून साड्या विकणाऱ्या एक काकू बसल्या होत्या आणि त्यांच्याजवळ फोटोग्राफी शिकणारी एक मुलगी.

"तीन साड्या वापस आल्या गं. सगळे लिहितात, रंग फोटोसारखा नाही."

"फोटो कुठे काढता, काकू?"

"घरीच, पिवळ्या बल्बखाली."

"मग बल्बचा पिवळेपणा फोटोत उतरतो. शेजारी पांढरा कागद ठेवायचा आणि तो पांढरा दिसेपर्यंत कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स बदलायचा. द्या तुमचा फोन आणि ती पिशवीतली साडी, दाखवते. हे बघा."

"अगं, हा तर हुबेहूब आला."

"रंग चांगलाच होता. फोटो चुकत होता."

"आणि मी भैरवगढच्या बद्रीलालजींना बोलले, तुमचा लाल बिघडलाय म्हणून. चाळीस वर्षं साड्यांवर छपाई करतायत ते. आज डोळे तपासून घ्यायला निघालेत."

"मग आत्ताच फोन लावा ना."

"हां, लावते… बद्रीलालजी? सुलू बोल रही हूँ। आपका रंग सही था, मेरा फोटो गलत था… अरे भैया, आप क्यों माफी माँग रहे हो?"